सॅन अँटोनियोच्या सेन्योरांना, घेवड्याच्या पातेल्याबद्दल

सेन्योरा,

तुम्हाला मराठी येत नाही आणि माझं स्पॅनिश भाजी-बाजारापुरतं. तरीही हे पत्र मराठीत लिहितेय, कारण मनातलं सगळं मला याच भाषेत नीट सांगता येतं. तुमची नात माझ्याकडून इंग्रजीत ऐकून घेईल आणि तुम्हाला तुमच्या भाषेत सांगेल, असं तिने कबूल केलंय. आणि उघड पत्र लिहितेय ते अशासाठी की टेक्सासात आमची कितीतरी मराठी घरं आहेत, जी रिफ्राइड बीन्स, म्हणजे शिजवून, दाबून, तेलात परतलेला घेवडा, म्हणजे डब्यातून चमच्याने खरवडून काढायचा मातकट गोळा एवढंच ओळखतात. तुमच्या ओट्यापाशी उभं राहून मी जे शिकले, ते त्यांच्यापर्यंतही पोचावं.

आधी फेब्रुवारी २०२१ च्या त्या आठवड्याचे आभार. सॅन अँटोनियोत बर्फ पडलं, पारा शून्याच्या बराच खाली गेला आणि वीज गेली. टेक्सासच्या बहुतेक भागाचं विजेचं जाळं उरलेल्या देशापासून वेगळं, त्यामुळे बाहेरून फारशी वीज आणण्याचीही सोय नव्हती. आमची शेगडी विजेची, हीटर विजेचा. पाठोपाठ नळाचं पाणी मंदावलं आणि पाणी उकळूनच प्या असा आदेश निघाला. ते उकळायचं कशावर, हे आम्हाला सुचेना. तुमच्याकडे काडीने पेटणारी गॅसची जुनी शेगडी होती. तुम्ही तिच्यावर आजूबाजूच्या घरांसाठी पाणी उकळलंत आणि निळं इनॅमलचं मोठं पातेलं भरून पिंटो, म्हणजे ठिपक्यांचा तपकिरी घेवडा, शिजवलात.

तुम्ही दारात आलात तेव्हा अंगावर स्वेटरवर स्वेटर होते आणि पातेल्याच्या कानांना टॉवेल गुंडाळलेला होता. झाकण काढायच्या आधीच म्हणालात, ‘सिन मान्तेका. सिन कार्ने.’ डुकराची चरबी नाही, मांस नाही. तोपर्यंत आपली ओळख हात हलवण्यापुरती होती. पण त्याआधी कधीतरी गल्लीतल्या एका जेवणात मी भाताला आणि बीन्सना हात न लावता नुसत्या तोर्तियाबरोबर, म्हणजे तुमच्याकडच्या पातळ पोळीबरोबर, कोशिंबीर खाल्ली होती, ते तुम्ही पाहून ठेवलं होतंत. इथे नव्याने आलेल्या शाकाहारी माणसाला हे कुणी सांगत नाही: तांबूस भात पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो आणि बीन्समध्ये चरबी असते. दोन्ही पदार्थ दिसायला अगदी निरुपद्रवी. तुम्ही मला त्यावरून काही विचारलं नाहीत, समजावलं नाहीत. सबंध गल्लीसाठी केलेलं पातेलं माझ्यामुळे चरबीविना केलंत आणि ते सांगितलंतही दोन शब्दांत, जेणेकरून मला विचारायची वेळ येऊ नये. सेन्योरा, या एका गोष्टीसाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

नंतर तुम्ही एकदा म्हणालात की चरबीशिवाय खरी चव येत नाही, तरी चालवून घ्या. मला तसं वाटत नाही. डुक्कर तुमच्या देशात, मेक्सिकोत, आलं सोळाव्या शतकात, स्पॅनिश लोकांबरोबर. त्याच्या आधी हजारो वर्षं तिथले लोक घेवडा पिकवत होते आणि शिजवून खात होते. मका, भोपळा आणि घेवडा एकाच शेतात, घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढलेला. मक्यात जी प्रथिनं कमी पडतात ती घेवड्यात असतात, घेवड्यात कमी ती मक्यात. म्हणून तोर्तिया आणि घेवडा एवढ्यावर माणूस धडधाकट राहू शकतो. तुम्ही माझ्यासाठी जे शिजवलंत ते काही उणं-अधुरं नव्हतं.

थंडी ओसरल्यावर मी पातेलं घासून परत करायला आले, आणि तुम्ही मला टेबलाशी बसवलंत. टेबलावर घेवडा पसरलेला होता. तुम्ही तळहाताच्या कडेने तीन-तीन, चार-चार दाणे आपल्याकडे ओढून मांडीवरच्या भांड्यात सोडत होता. नजर दाण्यांवर कमी, माझ्याकडे जास्त. तरी बारीकसा खडा आला की हात आपोआप थांबायचा. निवडणं मला नवीन नव्हतं. सुपात तांदूळ निवडत गप्पा मारणाऱ्या बायकांमध्येच मी वाढले. पण परक्या देशात, भाषा अर्धीमुर्धी कळत असताना, हात तेच काम करायला लागले तेव्हा मी पहिल्यांदा तुमच्याकडे पाहुणी राहिले नाही.

आता थोडं कामाचं, वाचणाऱ्यांसाठी. तुमच्या पद्धतीने अर्धा किलोला थोडा कमी पिंटो (इथली एक पौंडाची पिशवी म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम), पाणी दाण्यांच्या वर चांगलं चार बोटं, अर्धा कांदा, सोललेल्या लसणाच्या दोन-तीन पाकळ्या. फोडणी नाही, हळद नाही. शिजताना पाणी कमी झालं तर वरून घालायचं ते आधणाचंच. गार पाणी ओतू पाहणारा माझा हात तुम्ही वरच्यावर धरला होतात. शेवटी दाणा बोटचेपा नाही, त्याच्याही पुढे गेला पाहिजे: जिभेने टाळूवर दाबला की विरघळला पाहिजे, आणि साल वेगळी जाणवता कामा नये. ती पायरी येईपर्यंत तुम्ही घोटायला हातच लावत नाही. बहुतेकांचे घरचे बीन्स इथेच फसतात असं माझं ठाम मत आहे. कच्चट दाणा कितीही घोटला, कितीही परतला, तरी रवाळच राहतो.

भिजवण्यावरून आपलं एकमत नाही. तुमच्या घरी नव्या पिकाचा घेवडा पोत्याने यायचा, त्याला भिजवायची गरज नव्हती. मी दुकानातली पिशवी आणते आणि तिच्यातला माल किती जुना आहे याचा पत्ता नसतो. उष्ण, दमट जागी वर्षानुवर्षं पडलेला घेवडा असा होतो की तासन् तास रटरटला तरी आत गोटा राहतो. त्यात सॅन अँटोनियोचं पाणी. ते मुख्यतः एडवर्ड्स या भूजलसाठ्यातून येतं, म्हणजे चुनखडीच्या खडकातून झिरपलेलं, जड. त्यातलं कॅल्शियम दाण्याच्या सालीतल्या पेक्टिनला, म्हणजे साल घट्ट ठेवणाऱ्या चिकट द्रव्याला, धरून बसतं आणि साल मऊ होऊ देत नाही. म्हणून मी रात्रभर भिजवते, ते पाणी फेकून देते, आणि माल अगदीच हट्टी निघाला तर चिमूटभर खाण्याचा सोडा घालते. मीठही तुमच्यासारखं शेवटी न घालता भिजवतानाच घालते. मिठाने दाणा कडक होतो असं तुमची आई सांगायची; माझी आईही तेच सांगते. प्रत्यक्षात मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल उलट लवकर मऊ होते. दाणा अडतो तो आंबटाने, म्हणून टोमॅटो मात्र मी तुमच्यासारखाच सगळं शिजल्यावर घालते.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना बजावून सांगते. कच्च्या घेवड्यात एक विषारी प्रथिन असतं, लाल राजम्यात सर्वांत जास्त, पिंटोत त्याहून कमी. थोडे अर्धकच्चे दाणे पोटात गेले तरी ओकाऱ्या सुरू होतात. ते नष्ट व्हायला चांगली खळखळून उकळी लागते, निदान दहा मिनिटं; अर्धा तास दिला तर उत्तमच. दिवसभर मंद आचेवर ठेवायच्या विजेच्या भांड्यात कच्चा घेवडा थेट टाकू नये तो याच कारणासाठी, तिथे तेवढी उष्णता पोचतेच असं नाही. तुम्ही शास्त्र सांगितलं नाहीत, पण पहिली उकळी मोठ्या आचेवर जोरात आल्याशिवाय शेगडी बारीक करायची नाही, हे तुमच्या घरचं पक्कं आहे.

आणि एपासोते. तुमच्या मागच्या अंगणातल्या कुंडीतली ती दातेरी पानं, चुरगळली की रॉकेलच्या जवळपास जाणारा वास. घेवडा शिजत आला की तुम्ही एक डहाळी टाकता, पोटात वायू धरू नये म्हणून. मी एकदा हिंगाची डबी दाखवायला आणली होती. तुम्ही वास घेतलात, डोळे मिटलेत, आणि काहीही न बोलता त्या कुंडीकडे बोट दाखवलंत. मी आजही हिंग घालत नाही यात. एपासोतेच घालते, तुम्ही दिलेल्या रोपाचं.

परतण्याबद्दल मात्र मला सावकाश लिहायचंय, कारण खरी विद्या तिथे आहे. जाड बुडाच्या बिडाच्या तव्यात तेल, आपण एरवी घालतो त्याहून सढळ हाताने. त्यात कांद्याच्या जाड चकत्या आणि एक सुकी चिले दे आर्बोल. चकत्या सोनेरी झाल्या की आपलं मन म्हणतं झालं. तुम्ही थांबू देत नाही. कडा काळ्या पडेपर्यंत, घरभर खरपूस वास सुटेपर्यंत तळायचं आणि मग तो कांदा, ती मिरची काढून टाकायची. चरबीने जो खमंगपणा आला असता तो आता तेलात उतरलेला असतो. मग शिजलेला घेवडा त्याच्या पाण्यासकट, पळी-पळीने. पहिली पळी पडते तेव्हा तवा जोरात फुसफुसतो, आणि तुम्ही तेव्हाच लाकडी माचाकादोर, म्हणजे दाबून घोटायचं साधन, घेऊन दाबायला लागता. आमच्याकडे डाळ गोल घोटतात. तुम्ही सरळ वरून खाली दाबता, तवा फिरवत. सगळा लगदा करायचा नाही, अधूनमधून अख्खा दाणा लागला पाहिजे. ते शिजवलेलं पाणी एक थेंबही फेकायचं नाही, सगळी चव त्यात असते.

कधी थांबायचं, हे मला लवकर समजत नव्हतं. तुम्ही चमच्याने मधोमध एक रेघ ओढून दाखवलीत: तव्याचं बूड दिसलं, क्षणभर तसंच राहिलं, आणि मग दोन्ही बाजू संथपणे एकमेकींकडे आल्या. तेव्हाच गॅस बंद करायचा. खायच्या वेळी हवं त्यापेक्षा थोडं सैलच ठेवायचं, कारण निवलं की ते पिठल्यासारखं आळतं. सकाळी उरलेलं परत गरम करताना पाण्याचा हबका मारायचा. किंवा मग तुमच्या घरी रविवारी करतात तसं, बोलियो पाव मधोमध कापून त्यावर घेवडा थापायचा, वर चीज, भट्टीत भाजायचं आणि कच्चा टोमॅटो-कांदा-मिरची घालून खायचं. आमच्या मुलीचा शाळेचा डबा या मोयेतेसवर चालतो.

तुम्ही उत्तर मेक्सिकोतल्या नुएवो लिओनच्या, म्हणून तुमच्याकडे पिंटो. तुमच्या वहिनी वेराक्रुझच्या, त्या काळ्या घेवड्याखेरीज दुसऱ्याला घेवडा मानत नाहीत. वाहाकाकडे काळ्या घेवड्यात अव्होकाडोचं भाजलेलं पान घालतात, बडीशेपेसारखा गंध येतो, हेही त्यांनीच मला सांगितलं. तुम्हा दोघींचा तो जुना वाद ऐकताना मला आमच्याकडचे कोल्हापूर-सोलापूर मसाल्याचे वाद आठवतात आणि मी तुमच्या बाजूने बोलते, हे त्यांना माहीत आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं होतं. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं कोरेगाव तालुक्याचं. आमच्याकडे वाघ्या घेवडा पिकतो, दाण्यावर लालसर पट्टे असलेला. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तो आणि तुमचा पिंटो वनस्पतिशास्त्रात एकाच जातीचे. तुमच्याच भूमीकडून समुद्र ओलांडून आमच्या रानात आलेलं हे पीक. मिरची आणि मकाही तसेच आले. गेल्या सुट्टीत गावी गेले तेव्हा मी वाघ्या घेवडा तुमच्या रीतीने केला. एपासोते तिथे नव्हतं, ओवा घातला. बिडाचा तवा आजीचा होता. आई आधी लांबून पाहत होती, एवढा कांदा करपवून फेकायचा म्हणून नाराज होती. मग ज्वारीच्या भाकरीवर तो घेवडा आणि कडेला ठेचा घेऊन जेवायला बसली, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पाणी अंगाबरोबर आटवायचं हे तिला फार पटलं.

ती या ऑक्टोबरमध्ये इकडे येतेय. तिला तुमच्याकडे बसून घेवडा निवडायचाय आणि तुम्ही माचाकादोर कसा धरता ते स्वतः बघायचंय. तुमच्यासाठी ती ठेच्याचा दगडी खल आणणार म्हणतेय. जड होईल म्हटलं तर ऐकत नाही. तुमच्याकडे मोल्काखेते, म्हणजे तुमचा दगडी खल, असताना दुसरा कशाला, हे मी तिला सांगितलेलं नाही. कुठला रविवार तुम्हाला सोयीचा पडेल ते नातीकरवी कळवा. पिंटो मी आणीन, नव्या पिकाचा मिळतो का ते बघते. भाकऱ्या आई करील.

तुमची शेजारीण