दिवाळीतला बाण नाही हो तो!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला तो 'घण इंधन'वाला लेख वाचला. हो, घणच छापलंय तुम्ही, दोन ठिकाणी. घण लोहाराकडे असतो साहेब. प्रूफं बघायला हल्ली माणसं ठेवत नाहीत हे माहितीये, त्यामुळे ते सोडून देतो, पण आत जे लिहिलंय ते सोडवत नाही म्हणून सकाळचा चहा गार करून हे टाइप करतोय.

लेखकमहाशय म्हणतात की रॉकेटात भरतात ते घन इंधन म्हणजे मोठ्या आकाराचा दिवाळीतला बाण, एकदा पेटला की विझवता येत नाही, तेव्हा ते क्षेपणास्त्रांना ठीक पण यानात त्याचं काय काम. आणि पुरावा काय, तर १८ मे २०२५ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी६१ रॉकेटच्या घन इंधनाच्या तिसऱ्या टप्प्यात प्रेशर पडलं आणि उपग्रह गेला. अहो त्याच पीएसएलव्हीचा पहिला टप्पाही घनच आहे, १३८ टन इंधनाचा, तो त्या दिवशीसुद्धा व्यवस्थित जळला की! त्याबद्दल एक ओळ नाही.

दुपारपर्यंत हा लेख आमच्या फॅमिली ग्रुपवर आला. पुतण्याने खाली लिहिलं, "काका, म्हणजे तुम्ही ३१ वर्षं फटाकेच केलेत ना?" अकरा जणांनी हसणारे चेहरे टाकले, त्यात आमची ही पण.

तर मी काय करत होतो ते सांगतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, तशा सह्या करून दिल्यात. मी इन्स्पेक्शनला होतो. जळायला ऑक्सिजन पुरवणारं अमोनियम परक्लोरेट, अ‍ॅल्युमिनियमची पावडर आणि एचटीपीबी नावाचा काकवीसारखा चिकट बाइंडर (सगळं बांधून ठेवणारा) मिक्सरमध्ये मळायचा, व्हॅक्यूममध्ये केसिंगात, म्हणजे मोटरच्या बाहेरच्या नळकांड्यात, ओतायचा, मग कित्येक दिवस ओव्हनमध्ये. बाहेर येतं ते फटाक्यांच्या दारूसारखं भुसभुशीत नसतंच, शाळेतल्या खोडरबरासारखं असतं, नख रुतवलं तर परत वर येतं. अंगावर फक्त सुती कपडे, नायलॉनचा मोजासुद्धा चालायचा नाही. १९८६ च्या पावसाळ्यात एका मोटरच्या (घन इंधन भरलेल्या रॉकेट इंजिनाला आम्ही मोटर म्हणतो) एक्स-रे फिल्मवर मला मसुरीएवढा डाग दिसला, लायनरला, म्हणजे केसिंगच्या आतल्या अस्तराला, लागून. वरचे साहेब म्हणाले फिल्मचा दोष आहे, सही कर. मी नाही केली. कारण तो डाग म्हणजे इंधनातली पोकळी असणार, आणि पोकळी म्हणजे जळायला जादा पृष्ठभाग, जादा पृष्ठभाग म्हणजे जादा गॅस, आणि प्रेशर हाताबाहेर गेलं की केसिंग फाटतं. मला मेमो मिळाला, आठ दिवस माझ्याशी कुणी धड बोलेना, शेवटी लांबून रिमोटने मोटर कापली तर पोकळी जिथं म्हटली होती तिथंच! इन्क्रिमेंट मात्र त्या वर्षीचं गेलं ते गेलंच. फटाक्याचा एक्स-रे काढतात का हो?

आता यानाचं. १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह वर नेणारं आपलं एसएलव्ही-३ रॉकेट चारही टप्प्यांत घन इंधनाचं होतं, हे तुमच्या लेखातही आहे. पण त्यातल्या चौथ्या टप्प्याच्या मोटरवरूनच आपल्या 'अ‍ॅपल' उपग्रहाची अपोजी मोटर (कक्षेच्या सगळ्यात लांबच्या टोकाला पेटवायची) केली, हे कुठाय? १९ जून १९८१ ला फ्रेंच गयानातल्या कौरूहून युरोपच्या एरियन रॉकेटने अ‍ॅपलला लांबट कक्षेत सोडलं, आणि तिथून ३६ हजार किलोमीटरवरच्या गोल कक्षेत ढकललं ते या मोटरने. रॉकेटचा टप्पा उचलून उपग्रहात बसवला इतकं सोपं नसतं ते. टप्पा उड्डाणानंतर काही मिनिटांत पेटतो, ही मोटर आधी अवकाशातल्या थंडीत आणि निर्वातात पडून राहणार, शेजारी अँटेना, सोलर पॅनल, त्यांना धग लागता कामा नये, वर परक्याच्या रॉकेटात बसायचं म्हणजे चुकून पेटणार नाही याची खात्री वेगळी. विझवता येत नाही ना, म्हणूनच उपग्रहाच्या वजनाचा हिशोब करून लागेल तेवढंच इंधन आधी भरायचं. पुढे अ‍ॅपलचं एक सोलर पॅनल उघडलं नाही, तरी तो दोन वर्षांच्या वर चालला.

आणि हो, त्याच अ‍ॅपलचा बैलगाडीवरचा फोटो छापून खाली काय लिहिलंत, 'ट्रकला पैसे नव्हते ते दिवस'! अँटेनाच्या टेस्टला चुंबकीय अडथळा नको म्हणून मुद्दाम लाकडी बैलगाडी घेतली होती हो. गरिबीचं कौतुक करायची इतकी हौस असेल तर आमच्या पेन्शनवर लिहा.

परदेशातलं उदाहरण हवं असेल तर नासाचं मॅगेलन यान घ्या. पंधरा महिने प्रवास करून १० ऑगस्ट १९९० ला ते शुक्राच्या कक्षेत गेलं ते घन मोटर पेटवूनच. वीस वर्षांनी जपानचं आकात्सुकी यान त्याच शुक्राला गेलं द्रव इंधनाचं इंजिन घेऊन, एक व्हॉल्व्ह तुंबला आणि यान सरळ पुढे निघून गेलं, पाच वर्षांनी थ्रस्टरवर, म्हणजे दिशा सांभाळायच्या छोट्या इंजिनांवर, कसंबसं कक्षेत आलं. घन मोटरमध्ये तुंबायला व्हॉल्व्हच नसतो. आता मंगळयानासारखं इंजिन परत परत चालू-बंद करायचं असेल तर द्रवच पाहिजे, इन्सॅट-२ उपग्रहांपासून आपणही तिकडेच गेलो, हे मला मान्य. पण ज्याचं त्याचं काम असतं.

वसंतराव गोवारीकरांचं नाव एवढ्या मोठ्या लेखात एकदाही नाही याचं तर फारच वाईट वाटलं. पुण्यातला पेपर ना तुमचा? एसएलव्ही-३ उडालं तेव्हा विक्रम साराभाई केंद्राचे संचालक होते ते आणि घन इंधन हा त्यांचाच विषय. लोकांना त्यांचं फक्त पावसाच्या अंदाजाचं मॉडेल आठवतं.

निदान फोटोखालची ओळ तरी दुरुस्त करून छापा. आणि मागच्या माझ्या पत्राचा शेवटचा अर्धा भाग कापला होतात, या वेळी कापायचंच असेल तर पुतण्याचा पॅरा कापा, तो तुमचा पेपर वाचतो. रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं दोन आठवडे आलेली नाहीत, तेही बघा जरा.

आपला,
एक निवृत्त इन्स्पेक्टर (फटाकेवाला नव्हे), धायरी, पुणे