तुटक्या पोळपाटवाल्या काकूंना

काकू, नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं काकू. घरी येऊन आभार मानले असते, पण तुम्ही लगेच पोहे भिजवायला उठला असता आणि विषय तिथेच संपला असता. तेव्हा हे चारचौघांत, सगळ्यांना वाचता येईल असं.

गेल्या वर्षीचा ऑगस्ट. नागपुरातल्या बडकस चौकाच्या अलीकडचं ते मंगल कार्यालय आम्ही घेतलं होतं, कारण चातुर्मासात लग्नं नसतात आणि भाडं निम्म्यावर येतं. त्या महाल भागाशी आमचा संबंध तेवढाच. आम्ही सगळे धरमपेठ, मनीषनगर, त्रिमूर्तीनगरकडचे, आठवडाभर कचेरीत बसणारे आणि रविवारी गॅरेजमध्ये करवत चालवणारे. आमच्या लाकूडकामाच्या प्रदर्शनाचा दुसरा दिवस. मांडणारे चौदा, पाहायला आलेले चार. त्या चौघांतले दोन आमच्याच एकाचे मेहुणे.

बाहेर आभाळ फुटलं आणि तुमची छत्री उलटी झाली म्हणून तुम्ही आत शिरलात. एका पिशवीत कोथिंबीर, दुसऱ्या हातात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला पोळपाट. मधोमध तडकलेला. गल्लीतला वाढई, म्हणजे सुतार, गावाला गेला होता, म्हणून तो तसाच परत घरी चालला होता. आमच्या टेबलांवरची हत्यारं पाहून तुम्हाला साहजिकच वाटलं की काम झालं.

‘हे दुरुस्त करून द्याल काय जी?’

मी म्हणालो, ‘काकू, हे प्रदर्शन आहे. इथे दुरुस्ती होत नाही.’ वर शहाणपणा करून हेही सांगितलं की हा गेला आता, नवीन घ्या.

तुम्ही हॉलभर नजर फिरवलीत आणि विचारलंत, ‘मग इथे होते काय?’

काकू, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथे काय होत होतं? दोरीपलीकडे ठेवलेल्या पेट्या. निळं एपॉक्सी ओतलेलं एक टेबल, ज्यावर कोणी कधी जेवणार नाही. ‘हात लावू नये’ अशा सात पाट्या. आणि तुम्ही अक्षर अक्षर लावून वाचलेली ती चिठ्ठी, ‘हाफ-ब्लाइंड डोव्हटेल, शेलॅक फिनिश’. ‘हे तं औषधाचं नाव वाटून राहिलं,’ असं म्हणून तुम्ही पाऊस थांबेपर्यंत उभ्या राहिलात. उभ्या, कारण बसायला एकही खुर्ची नव्हती. लाकूडकामाचं प्रदर्शन आणि खुर्ची नाही! जी एक होती ती मांडून ठेवलेली होती, दोरीच्या आत.

जाताना एक वाक्य बोललात. अंगणवाडीत तीस वर्षं काढलेल्या बाईचं वाक्य: ‘हात लावू दिला नाही तर लेकरू येईल कायले? आणि लेकरू नाही आलं तर माय कशी येईल?’

आमचा हिशेब त्या संध्याकाळी चुकायला लागला. तोवर आमची समजूत अशी की लोकांना लाकडात रस उरलेला नाही, सगळ्यांना प्लायवूड आणि हप्त्यावरचं फर्निचर हवं. खरं असं होतं की आम्ही एकमेकांना दाखवायला प्रदर्शन भरवत होतो आणि दार उघडं ठेवत होतो, एवढंच.

पुढचं सगळ्यांना माहीत नाही, म्हणून लिहितो. मी तुमचं घर शोधत आलो. तुम्ही आमच्या बैठकीला आलात, गॅरेजमध्ये पालथ्या बादलीवर बसलात आणि एकेक गोष्ट मोडीत काढलीत. कोणीतरी म्हणालं, पुढच्या वेळी जानेवारीत घेऊ, हवा छान असते. तुम्ही म्हणालात, जानेवारीत लाकडाची आठवण कोणाला येते? तान्ह्या पोळ्याच्या आधीचा शनिवार-रविवार धरा. त्या आठवड्यात घरोघरी बैलाचाच विषय असतो.

आम्ही जन्मापासून नागपूरचे, आणि हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे पोरं लाकडी बैल सजवून दारोदार फिरतात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. भोसल्यांच्या काळापासूनची चाल, असं सांगतात. तळहातावर मावणाऱ्या बैलापासून माणसाच्या उंचीच्या नंदीपर्यंत सगळं लाकडात. ज्या गावात लाकडाचा एक अख्खा सण आहे आणि लकडगंज नावाचा बाजार आहे, तिथे आम्ही लोकांना लाकडाची गोडी लावायला निघालो होतो, तीही परदेशी व्हिडिओत पाहिलेल्या पेट्या दाखवून.

मग बैलांचं टेबल ठरलं. लकडगंजातल्या एका आरा मशीनवाल्याने तुकडे फुकट दिले, तेही तुम्ही मागितल्यावर. मी मागितले तेव्हा किलोचा भाव सांगितला होता. आम्ही धड, पाय आणि शिंगं कापून ठेवली, चाकं लेथवर काढली. पोरांनी घासायचं, आधी ८० नंबरच्या सँडपेपरने आणि मग १२० च्या, खुंट्या ठोकायच्या, रंग द्यायचा. विजेवर चालणारं एकही हत्यार त्या टेबलाच्या आसपास नको, ही अट तुमची. एका मुलीने अंगठ्यावर हातोडी मारून घेतली, रडली, आणि रडता रडता दुसरी खुंटी ठोकली. शनिवारी दुपारी तीनलाच आमचे पाय संपले. म्हणजे बैलांचे. रात्री अकरापर्यंत बसून आणखी कापले, तेव्हा कुठे रविवार निभावला.

पाण्याच्या टबाची कल्पना मात्र माझी, तेवढं श्रेय मला द्या. सावर, सागवान, शिसम, अंजन, सगळ्यांचे सारख्या मापाचे तुकडे. कोणतं बुडेल ते आधी सांगायचं. लाकूड म्हणजे तरंगणारच, असं मोठी माणसंसुद्धा ठासून सांगतात. अंजन दगडासारखं तळाला जातं आणि मग टबाभोवती वाद सुरू होतो. शेजारी काचेच्या पेल्यात बिजा नावाच्या झाडाच्या ढलप्या टाकून ठेवल्या होत्या. ते पाणी उन्हात धरलं की पिवळसर रंगातून निळी झाक मारतं. बिजाच्या पेल्यातलं पाणी साखरेच्या आजारावर पिणारे लोक आपल्याकडे आहेत, त्यामुळे तिथे आजोबांची गर्दी. औषधाचं आम्ही काही बोललो नाही, निळा रंग तेवढा दाखवला.

दुरुस्तीच्या टेबलावरून मात्र भांडण झालं होतं, ते तुम्हाला पूर्ण माहीत नाही. ‘आपण काय दुकान उघडलंय?’ असं म्हणून आमचे दोघं जण बैठकीतून उठून गेले. एक परत आला, दुसरा अजून आलेला नाही. त्यांच्या रागातही थोडं तथ्य होतं. छंद म्हणजे मनाला येईल ते करणं, लोकांचे स्टुल जोडत बसायला कोण येईल? पण तुम्ही गल्लीगल्लीत चिठ्ठ्या वाटल्या, ‘घरातली एक मोडकी लाकडी वस्तू घेऊन या’, आणि शनिवारी सकाळी साडेनऊला दारात रांग होती. पाट, देव्हाऱ्याचं दार, रवी, पाळण्याचा दांडा, कॅरमची चौकट, एक सतारीची खुंटी. एक बाई नुसता कप्पा घेऊन आली, कपाट घरी. ‘पावसाळ्यात अडकते, उन्हाळ्यात नाही.’

ह्या एका वाक्यावर मी दोन दिवस बोललो. नागपुरात मे महिन्यात ४५ अंश तापमान आणि हवा कोरडी ठाक, जुलैत तीच हवा ओली चिंब. लाकूड ती ओल पितं आणि सोडतं. लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आकसतं, आणि फळी कशी चिरली आहे त्यावर ते कमीजास्त होतं. म्हणून जुन्या दारात मधली फळी खाचेत नुसती बसवलेली असते, चिकटवलेली नसते. तिला श्वास घ्यायला जागा ठेवलेली असते. हे मी गेल्या वर्षी ‘फ्रेम अँड पॅनल’ अशी पाटी लावून सांगितलं होतं, तेव्हा मेहुणेसुद्धा न थांबता पुढे निघून गेले होते. यंदा तेच सांगताना पंधरा माणसं कान देऊन उभी, कारण प्रत्येकाच्या घरात एक दार अडकतं.

अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूरकडचं सागवान गेलं, ते सगळ्यांना माहीत होतं. आपल्या आजोबांच्या घराचं दारही त्याच जंगलांतलं असू शकतं, हे कोणाच्या मनात आलं नव्हतं. एक जण घरी जाऊन दाराला नाक लावून आला.

आणि वाढई मामा. तुमच्या गल्लीतले, गेल्या वर्षी गावाला गेलेले, तेच. त्यांना बोलवायचं तुम्ही सुचवलंत तेव्हा आम्ही चपापलो, हे आता कबूल करतो. छंद करणारे आम्ही आणि त्यावर पोट भरणारे ते, अशी एक रेघ आमच्या मनात होती आणि ती आम्ही कधी उच्चारली नव्हती. तुम्ही वर हेही म्हणालात, ‘फुकट नाही बोलवायचं. दोन दिवसांची रोजी द्यायची. तुमचा रविवार आहे, त्यांचा धंदा आहे.’ रोजी दिली. ते आले, माझ्या पन्नास हजारांच्या वर्कबेंचकडे एकदा पाहिलं, खाली चटई टाकून बसले, लाकूड पायाच्या बोटांत धरलं आणि वाकसाने ते तासायला लागले. हॉलमधली निम्मी गर्दी त्या चटईभोवती. माझी पटाशी त्यांनी अंगठ्यावर फिरवून पाहिली आणि काही न बोलता धार लावायला घेतली. ते न बोलणं मला लागलं, काकू. पण आता ती पटाशी अशी कापते की मी दर रविवारी गॅरेज झाडायच्या आधी त्यांच्याकडे जातो, तासभर शिकायला. तासाचे पैसे तेच ठरवतात.

दोऱ्या काढल्या, खुर्च्या मांडल्या, चिठ्ठ्या मराठीत लिहिल्या, ही कामं दोन संध्याकाळची. चिठ्ठ्यांत एक ओळ तुम्ही घालायला लावली होती, ‘कुठे चुकलं’. आमच्यातल्या एका डॉक्टरने लिहिलं, ‘झाकण उलटं बसवलं, मग तेच पुढचं तोंड ठरवलं.’ दोन दिवसांत सगळ्यात जास्त वेळ लोक त्या पेटीपुढे उभे होते. डॉक्टर आधी ओशाळला, नंतर स्वतःच लोकांना हाताला धरून तिथे नेऊ लागला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. शनिवारी लाइट गेली ती दोन तास. एका माणसाचा पिढीजात पाट आमच्याकडून आणखी चिरला, त्याची माफी मागितली, तरी तो रागावूनच गेला, आणि त्याचं बरोबर होतं. पुढच्या वर्षी पाटावर आधी मामांची नजर फिरेल, मगच आमचा हात लागेल.

आता तुमचा पोळपाट. रविवारी संध्याकाळी, सगळे आवरत असताना, तुम्ही तो पुन्हा त्याच लुगड्याच्या तुकड्यातून काढलात. वर्षभर तसाच ठेवला होता! उलटा केला तेव्हा कळलं. खालच्या दोन आडव्या पट्ट्या चार खिळ्यांनी आवळून ठोकलेल्या. पोळपाट रोज धुतला जातो, वाळतो, रुंदीत फुगतो, आकसतो, आणि पट्ट्या त्याला हलू देत नाहीत. मग तो मधोमध तडकणारच. मी म्हणालो, हे खिळे ज्याने ठोकले त्याला लाकडातलं काही कळत नव्हतं. तुम्ही म्हणालात, ‘तुमचे काका. पोस्टात होते. त्यांना काय समजते?’ आणि लगेच, ‘खिळे फेकू नका मात्र.’

काकू, तडा सांधला आहे. पट्ट्यांसाठी वर अरुंद आणि आत रुंद अशी खाच पाडून त्या बाजूने सरकवल्या आहेत, डिंक फक्त मध्ये बोटभर. आता त्याला हवं तेवढं हलता येईल. तेलाचा हात दिला आहे, दोन दिवस पोळ्या लाटू नका. गेल्या वर्षी ‘हा गेला, नवीन घ्या’ म्हणालो होतो, ते शब्द परत घेतो.

येत्या रविवारी मामांकडे येईन तेव्हा घेऊन येतो. खिळे काडेपेटीत घातले आहेत. तीनच आहेत. चौथा भुशात गेला, मी आणि डॉक्टर चुंबक घेऊन अख्खा हॉल फिरलो, पण मिळाला नाही. भुशाचं पोतं अजून फेकलेलं नाही. शोधतो आहे.

तुमचा,
‘इथे दुरुस्ती होत नाही’ म्हणणारा भाऊ