नऊ तारखेच्या तपासणीत एवढं तरी विचारा

माननीय आरोग्यमंत्री, मध्य प्रदेश,

नमस्कार. मी इंदूरची, रामबागेत राहते. माझ्या सुनेला 31व्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या, बाळ दीड किलोचंही नव्हतं, मी विणलेलं टोपडं सारखं तिच्या डोळ्यांवर घसरायचं म्हणून सिस्टरनी मागून दुमडून दोन टाके घालून दिले. नात आता बरी आहे, देवाची कृपा. पण सून पाचव्या महिन्यापासून सांगत होती की अंगावरून पांढरं जातंय, वास येतो, आणि दर वेळी उत्तर एकच, दिवस असताना होतंच ते! बीपी बघितलं, वजन केलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, झालं.

मग मी वाचायला लागले. योनिमार्गात जंतूंची अख्खी वस्ती असते, त्यातले लॅक्टोबॅसिलस लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि बाकीच्यांना डोकं वर काढू देत नाहीत. ते कमी झाले की असं वासाचं पांढरं जाऊ शकतं, आणि बाळ वेळेआधी होण्याचा धोकाही वाढलेला दिसतो. 2011 साली अमेरिकेत 396 बायका तपासल्या तर हे जंतू कमी असलेली वस्ती गोऱ्यांपेक्षा काळ्या आणि हिस्पॅनिक बायकांत जास्त दिसली. तिकडे 2022 मध्ये काळ्या आयांची 14.6 टक्के बाळं 37 आठवड्यांआधी जन्मली, गोऱ्यांची 9.4. पण म्हणून सगळं खापर जंतूंवर किंवा रंगावर फोडू नका हं, तशी वस्ती असूनही पुष्कळ जणी पूर्ण दिवसांच्या बाळंत होतात, आणि गरिबी, ताण, दवाखान्यात मिळणारी वागणूक हेही त्यात आहेच.

आणि आपल्याकडे? 2020 मध्ये भारतात अंदाजे 30 लाख बाळं कमी दिवसांची जन्मली, जगात सगळ्यात जास्त. गुरुग्रामच्या सरकारी हॉस्पिटलात 2015 पासून गर्भ-इनी नावाचा, बाळं वेळेआधी का जन्मतात याचा अभ्यास चाललाय, तसा माळव्यात करा ना, झाबुआची भिल्ल बाई आणि इंदूरच्या राजवाड्याजवळची बाई दोघींना त्यात घ्या, अमेरिकेतल्या आकड्यांवर आमच्या मुलींचं कसं ठरवणार?

सरसकट सगळ्यांना अँटिबायोटिक द्या असं मी म्हणत नाहीये, फ्रान्समध्ये कमी जोखमीच्या गरोदर बायकांना क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक देऊन बघितलं, वेळेआधीच्या बाळंतपणांत फरक पडला नाही. पण जिला त्रास होतोय तिची तपासणी आणि इलाज तर झालाच पाहिजे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी असतेच, तिथे प्रत्येकीला हा एक प्रश्न विचारा, तक्रार असेल तर पीएचची, म्हणजे आम्लपणा मोजायची पट्टी लावा, 4.5च्या वर गेलं, म्हणजे आम्ल कमी पडलं, तर स्मिअर करा, म्हणजे स्राव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघा. आणि पडदा लावलेला कोपरा हवा, विचारायला बाईच हवी. रांगेत सगळ्यांसमोर कोण बोलणार हे? माझ्या सुनेनं सुद्धा पहिल्यांदा मला बाहेर बसवलं आणि मगच आत डॉक्टरांना सांगितलं.