कोरियातल्या आपल्या माणसांविषयी

प्रिय सुधीर,

कोरियाच्या युद्धात भारतानं लढाऊ फौज न धाडता नुसते डॉक्टर पाठवून वेळ मारून नेली, असं तू लिहिलंस. हे मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो.

१९५० साली उत्तर कोरियानं दक्षिण कोरियावर हल्ला केल्यावर दक्षिणेच्या मदतीला संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली सोळा देश लढायला उतरले. नेहरूंनी लढाऊ फौज दिली नाही, हे खरं. दिली ती लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांची ‘६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स’ ही लष्करी वैद्यकीय तुकडी. नोव्हेंबरात पथक दक्षिणेतल्या पुसान बंदरात उतरलं आणि लगेच उत्तर कोरियाची राजधानी प्याँगयांगमधून संयुक्त राष्ट्रांच्या फौजा माघार घेत होत्या, त्या माघारीत सापडलं. उत्तर कोरियाच्या बाजूनं उतरलेल्या चिनी फौजा चाल करून येत होत्या, वाहनं नव्हती. शस्त्रक्रियेचं सामान टाकून निघायचं, तर पुढे जखमींवर उपचार कशानं करणार? या लोकांनी एक जुनं वाफेचं इंजिन हुडकलं, बादल्यांनी त्यात पाणी भरलं, सगळं सामान चढवलं आणि पूल उडवला जाण्याआधी गाडी नदीपार नेली! मार्च १९५१ मध्ये मुनसानला अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर रंगराज यांनी आपल्या शस्त्रक्रिया पथकासह विमानातून उड्या मारल्या. त्यांना महावीरचक्र मिळालं. याला वेळ मारून नेणं म्हणायचं?

आणि १९५३ चं काय? मायदेशी परतायला नकार देणारे बावीस हजारांवर युद्धकैदी कुणाच्या ताब्यात द्यायचे, यावर युद्धविरामाचा करार अडला होता. ते काम भारताकडे आलं. आपण आधी एखादी ब्रिगेड लढायला धाडली असती, तर चीननं आपल्याला पहारेकरी म्हणून कधीच मान्य केलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष आपले लेफ्टनंट जनरल थिमय्या, आणि पहाऱ्यावरच्या भारतीय दलाचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी तर भारतीय सैनिकांचा पाय आपल्या भूमीला लागू देणार नाही असं बजावलं होतं. म्हणून आपल्या जवानांना हेलिकॉप्टरनं थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. तिथे कैद्यांनी आपल्या एका मेजरला पकडून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः त्या खवळलेल्या जमावात गेले आणि बोलून-समजावून त्याला सोडवून आणलं. गोळीबाराचा हुकूम देणं त्यांना किती सोपं होतं!

तुझ्या काकांनी त्या काळात फौजेत नोकरी केली होती ना? थोरातांबद्दल त्यांच्या काही आठवणी असतील तर विचारून सविस्तर लिही. आणि माझा मुद्दा तरीही पटला नाही, तर तेही मोकळेपणानं कळव.

तुझा,
मिलिंद