आधी सड्याची पाहणी, मग जागेचा निर्णय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या भागात सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, कुठलाही प्रकल्प आला की कातळशिल्पांचा, म्हणजे कातळावर कोरलेल्या प्राचीन चित्रांचा, विषय सगळ्यात शेवटी निघतो. जागा ठरते, मोजणी होते आणि मग कुणीतरी विचारते, तिथल्या चित्रांचे काय? २०२३च्या एप्रिलमध्ये राजापूर तालुक्यातील बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षणाचे बोअर मारायला घेतले, तेव्हाही हेच झाले. आदल्याच वर्षी बारसूसह कोकणातील नऊ स्थळे युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली होती. रिफायनरी हवी की नको, हा वाद मी इथे घालत नाही. माझी मागणी एवढीच की पुरातत्त्वीय पाहणी जागा निवडण्याआधी झाली पाहिजे, आणि ती कायद्याने बंधनकारक हवी.

१९५० च्या दशकात नागार्जुनसागर धरणाचे काम निघाले, तेव्हा पाणी चढण्याआधी नागार्जुनकोंड्याच्या खोऱ्यात काही वर्षे उत्खनन झाले. अश्मयुगीन हत्यारांपासून बौद्ध विहारांपर्यंत बरेच काही नोंदले गेले, काही वास्तू उचलून उंचावर पुन्हा उभारल्या. सड्यावर ती सोय नाही. इथे चित्र मातीखाली नाही, ते जांभ्याच्या पाठीवरच कोरलेले आहे. राजापूर तालुक्यातल्याच कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राणी दाटीने कोरलेले आहेत. तो कापून संग्रहालयात नेता येणार नाही. चिरा, म्हणजे बांधकामासाठीचा जांभ्याचा ठोकळा, कापायचे यंत्र एकदा फिरले की चित्राचे सरळ चिरे होतात आणि कुणाच्या तरी कंपाउंडात जातात.

दुसरी गोष्ट पाहणीच्या वेळेची. पावसाळ्यात सड्यावर गवत माजते, खोबणीत माती आणि पाणी साचते. गवत वाळून गेल्यावर, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात. तरीही केरसुणीने माती झाडल्याशिवाय पूर्ण आकृती कळत नाही. पावसात जीपमधून चक्कर मारून ‘काही आढळले नाही’ असा शेरा मारणे म्हणजे पाहणी नव्हे. ज्यांना ही चित्रे लहानपणापासून ठाऊक आहेत, त्या गुराख्यांना आणि जमीनमालकांना बरोबर घेतल्याशिवाय अर्धी चित्रे सापडणारच नाहीत.

शिवाय एकेका चित्राला कुंपण घालून बाकीचा सडा मोकळा करून देणे पुरेसे नाही. चित्रे समूहाने असतात. ती कोरणारे लोक कुठे राहत, काय खात, कुठली हत्यारे वापरत, याचे पुरावे आसपासच्या घळींत आणि गुहांत आहेत. कणकवली तालुक्यातील कोळोशीच्या गुहेत दगडी हत्यारे मिळाली, ती उत्खनन झाले म्हणूनच. आज कोकणात नसलेला गेंडा या चित्रांत आहे, शेतीच्या खुणा मात्र जवळजवळ नाहीत. त्यामुळे ती शिकारी-संग्राहक माणसांची असावीत, असे अभ्यासक मानतात. त्यांचा काळ अजून नेमका ठरायचा आहे, आणि तो ठरेल तो याच परिसरातून.

आपला पुरातत्त्व कायदा घोषित स्मारकाला संरक्षण देतो. अघोषिताला वाली नाही. पर्यावरण परवानगीच्या अर्जात वारसास्थळांचा प्रश्न असतो, पण उत्तर आधीच संरक्षित असलेल्या जागांपुरतेच दिले जाते. ज्याची नोंदच नाही ते कागदावर येत नाही. इंग्लंडमध्ये १९९० पासून बांधकामाच्या परवानगीआधी पुरातत्त्वीय तपासणी होते आणि तिचा खर्च विकासक उचलतो. महाराष्ट्राला हे अशक्य नाही.

मात्र जमीनमालकाला बाजूला ठेवून यातले काही होणार नाही. बहुतेक चित्रे खासगी जमिनीत आहेत. ‘चित्र दाखवले तर जमीन अडकेल’ ही त्याची भीती खरी आहे, आणि त्या भीतीपोटी तो गप्प बसला तर त्याला दोष देता येत नाही. रत्नागिरी तालुक्यातील उक्षीत गावाने पुढाकार घेऊन हत्तीच्या चित्राभोवती संरक्षक बांधकाम केले. प्रत्येक गावाला ते परवडेलच असे नाही. म्हणून शासनाने मोबदल्याचा दर आधी जाहीर करावा, मग सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कातळशिल्पाची नोंद करावी. पाहणीचा नकाशा ग्रामसभेत ठेवावा, आणि तो मांडला जाईपर्यंत सड्यावर बोअर मारायला किंवा चिरेखाणीला नवी परवानगी देऊ नये.

आपला,
एक वाचक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी