बाबांस पत्र : पुन्हा लाउटरब्रुनेनच का

म्युनिक,
दि. ८ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तुमचे पत्र आणि सोबतचा तक्ता, दोन्ही मिळाले. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही तुम्ही पट्टीने रेघा ओढून दोन रकाने आखता आणि खाली बेरजेला दुहेरी रेघ मारता, हे पाहून फार बरे वाटले. एका रकान्यात स्वित्झर्लंडमधील लाउटरब्रुनेनचे घर, दुसऱ्यात स्लोव्हेनियातील बोहिन सरोवराकाठचे घर, आणि दोहोंच्या भाड्यात जवळजवळ निम्म्याचा फरक! त्याखाली तुमचा शेरा : "एकदा पाहिलेल्या गावाला दुसऱ्यांदा पैसे घालायचे ते कशासाठी?" आईचे मत मात्र अगदी उलट आहे, आणि ते तिने फोनवर चार शब्दांत सांगून टाकले. तेव्हा या दोन मतांमध्ये मला काय वाटते, ते सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र.

तुमचे आकडे बरोबर आहेत, हे सुरुवातीलाच मान्य करते. स्वित्झर्लंड आम्हाला दरवर्षी अधिक महाग पडत आहे आणि त्याचा दोष केवळ तेथील घरमालकांच्या माथी मारता येत नाही. आमचा पगार युरोत होतो आणि खर्च फ्रँकमध्ये करावा लागतो. २००७ च्या सुमारास एका युरोला १.६० हून अधिक फ्रँक मिळत असत. पुढे युरोवर संकट आले, जगभरचा पैसा सुरक्षित जागा शोधत फ्रँककडे धावला, तेव्हा स्विस मध्यवर्ती बँकेने ६ सप्टेंबर २०११ रोजी एका युरोला किमान १.२० फ्रँक अशी मर्यादा बांधून दिली. आणि १५ जानेवारी २०१५ रोजी, कोणाला पूर्वसूचना न देता, ती मर्यादा काढूनही टाकली. २०२२ पासून तर बहुतेक काळ एका युरोला पुरता एक फ्रँकही मिळत नाही. म्हणजे घरमालकिणीने भाड्यात एका फ्रँकचीही वाढ केली नसती, तरी आमच्या खिशाला ते जड झालेच असते. तुम्ही अजून बँकेत असता तर या विषयावर अर्धा तास बोलला असता, म्हणून इथेच थांबते.

परंतु तुमच्या तक्त्यात एक गोष्ट मिसळली गेली आहे, ती वेगळी करून पाहायला हवी. स्वित्झर्लंडमध्ये खरे पैसे जातात ते उंचीला. मागच्या खेपेस आपण युंगफ्राउयोखला गेलो होतो. ३४५४ मीटरवरील त्या स्थानकापर्यंत १९१२ पासून रेल्वे जाते, आणि सवलतीचे कार्ड असूनही त्या एका दिवसाच्या तिकिटांना किती पैसे पडले ते तुमच्या वहीत असेलच. तुम्ही यंदाच्या अंदाजात तोच आकडा पुन्हा धरला आहे. तिथे पुन्हा जायचे आपल्याला कारण नाही, आणि तुमचा रक्तदाब पाहता डॉक्टरही जाऊ देणार नाहीत. ती तिकिटे वजा केली की उरते घराचे भाडे, जेवणखाण आणि गाडी. लाउटरब्रुनेनहून श्टेखेलबेर्गपर्यंतची सुमारे सहा किलोमीटरची दरी जवळजवळ सपाट आहे, दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून धबधबे कोसळत असतात आणि त्या वाटेने चालायला कोणी तिकीट मागत नाही. जेवणाचे म्हणाल, तर स्वयंपाकघर असलेले घर घ्यायचे आणि डाळ, तांदूळ, पीठ, तुम्ही पाठवलेला कांदा-लसूण मसाला इथूनच न्यायचा. २०२५ पासून सीमेवरची करमुक्त मालाची मर्यादा माणशी ३०० वरून १५० फ्रँकांवर आणली आहे. आपला किराणा त्यात आरामात बसतो.

आता बोहिनविषयी. गेल्या शरद ऋतूत आम्ही तिघे तिथे जाऊन आलो आहोत, त्यामुळे मी ऐकीव लिहीत नाही. जागा सुंदर आहे, आणि तुम्ही ती शोधून काढलीत याचे मला कौतुकच वाटते. चार किलोमीटरहून थोडे अधिक लांबीचे सरोवर, त्याच्या एका टोकाला रिब्चेव्ह लाझ येथे दगडी पूल, पुलाला लागून संत जॉनचे जुने देऊळ आणि त्याच्या भिंतींवर फिकट झालेली चित्रे. वर २८६४ मीटरचा त्रिग्लाव, म्हणजे त्या देशाचे सर्वोच्च शिखर. तिथे मोटरबोटींचा गोंगाट नाही, काठावर बंगल्यांची गर्दी नाही, कारण सगळा परिसर राष्ट्रीय उद्यानात येतो. व्होगेलचा केबलकार सुमारे १५३५ मीटरपर्यंत नेतो. सवित्सा धबधबा ७८ मीटरचा आहे, पण त्याच्यापाशी पोहोचायला पाचशेच्या वर पायऱ्या चढाव्या लागतात. तुमच्या गुडघ्याला ते कसे जमणार? जेवण स्विस दराच्या निम्म्याने मिळते, युरोतच पैसे द्यायचे असतात आणि लोकही मनमिळाऊ आहेत. तुम्हाला सर्वांत आवडेल अशी गोष्ट मात्र तुमच्या तक्त्यात नाही : बोहिन्स्का बिस्त्रित्साहून मोटारी आगगाडीवर चढवून १९०६ च्या जुन्या बोगद्यातून डोंगरापलीकडे नेतात. सहा किलोमीटरहून लांब बोगदा, आणि अंधारात आपण आपल्याच गाडीत बसून राहायचे! चि. ईशानने त्या दिवशी दुसरे काही पाहायलाच नकार दिला.

रस्त्याचा खर्च तुम्ही धरलेला नाही. बोहिनला जाताना ऑस्ट्रियाचा टोल-स्टिकर, टाउअर्न महामार्गाचा वेगळा टोल, सीमेवरच्या कारावांकन बोगद्याचा आणखी एक आणि मग स्लोव्हेनियाचा स्टिकर असे चार ठिकाणी पैसे मोजावे लागतात. स्वित्झर्लंडचा ४० फ्रँकांचा वार्षिक स्टिकर आमच्या गाडीवर आधीच लागलेला आहे. शिवाय ईशानला सुटी आहे ती पिंगस्टन या ख्रिस्ती सणाची, मेअखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि त्या दिवसांत बव्हेरियातील निम्मी कुटुंबे टाउअर्नमार्गे दक्षिणेकडे निघालेली असतात. चार तासांच्या वाटेला सात तास लागले तर नवल नाही. तरीही, हे सारे जमेस धरून बोहिनच स्वस्त पडते. फरक तुमच्या तक्त्यातल्याइतका राहत नाही, पण राहतो. तो मी लपवत नाही.

मग मी आईच्या बाजूने का उभी आहे?

बाबा, तुमच्या तक्त्यात एका गोष्टीला रकानाच नाही. म्युनिकला आल्यावर आई आमच्या घरात असते, आनंदात असते, पण एकटी बाहेर पडत नाही. खालच्या बागेपर्यंत जाते आणि परत येते. ट्राममधल्या घोषणा जर्मनमध्ये, पाट्या जर्मनमध्ये, चुकून पुढच्या थांब्यावर उतरले तर कोणाला काय विचारायचे, हा धसका तिच्या मनातून जात नाही. सांगलीत स्टेशनरोडच्या गर्दीतून भाजीची पिशवी घेऊन तरातरा चालणारी बाई इथे प्रत्येक गोष्टीसाठी माझ्या तोंडाकडे पाहते. तिने कधी तक्रार केली नाही, पण मला ते दिसते.

लाउटरब्रुनेनला मात्र वेगळेच घडले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी आम्ही उठलो तर आई घरात नाही. तुम्हाला आठवत असेल, तुम्ही चप्पल घालून निघालासुद्धा होता. ती गेली होती चर्चजवळच्या त्या फुलांनी भरलेल्या स्मशानभूमीकडे, कारण एका थडग्यावरचे लाल झाड कशाचे आहे ते तिला जवळून पाहायचे होते. तिथून पुढे गोठ्यापाशी जे छोटे शीतकपाट ठेवलेले असते, त्यातून तिने चीजचा तुकडा घेतला, बाहेर लावलेल्या कागदावरचा भाव वाचला, डब्यात नाणी मोजून टाकली आणि परत आली. विकणारा कोणी नाही, पाहणारा कोणी नाही, आणि तरी बाजार झाला, हे तिने त्या दिवशी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगितले. त्यानंतर ती रोज जात राहिली. त्या दरीत चुकण्यासारखे काही नाही : एकच मुख्य रस्ता, दोन्ही अंगाला कडे, आणि गावाच्या डोक्यावर सुमारे ३०० मीटरवरून पडणारा श्टाउबबाख धबधबा, जो कुठूनही दिसतो. धबधबा डोक्यावर आला की घर आले, एवढे तिने मनाशी पक्के केले आणि तिला माझी गरज राहिली नाही. श्टेखेलबेर्गची पिवळी बससुद्धा तिला समजली. ती जाते त्याच रस्त्याने परत येते.

बोहिनला हे होणार नाही असे मी म्हणत नाही. पण तिथे वस्त्या विखुरलेल्या आहेत, दुकान एका गावात तर बसथांबा दुसऱ्याच टोकाला, आणि पुन्हा सगळे नव्याने शिकणे आले. नव्या जागी पहिले तीन-चार दिवस दूध कुठे मिळते, कचरा कोणत्या डब्यात टाकायचा, गाडी कुठे लावली तर दंड होत नाही, गरम पाण्याचा नळ कोणत्या बाजूला फिरवायचा, यातच जातात. आमच्या वयात त्याची मजा वाटते. आईला तेवढे दिवस पुन्हा माझ्या मागे-मागे राहावे लागेल, आणि ती मोकळी होईतो निघायची वेळ येईल. पाहिलेल्या गावात ती पहिल्याच सकाळी चीज आणायला निघेल. भाड्यातला जो फरक आहे, तो मी या गोष्टीसाठी देते आहे, आणि मला तो जास्त वाटत नाही.

एक आठवण करून देऊ का? दर मेमध्ये तुम्ही आम्हाला कराड, पाटण, कुंभार्ली घाट करत गुहागरला नेत होता, आणि तेही त्याच एका घरी. शेजारी त्याहून स्वस्त खोल्या मिळत होत्या, आणि काकांनी एकदा तारकर्लीचा बेत मांडला तेव्हा तुम्ही म्हणाला होता की, "तिथे आपल्याला कोण ओळखतं?" त्या वेळी तुम्ही तक्ता केल्याचे मला तरी स्मरत नाही.

गाव बदलले आहे, हेही लिहिले पाहिजे. नाहीतर तिथे गेल्यावर तुम्ही मला धारेवर धराल. अडीच हजारांच्या आतबाहेर वस्तीच्या त्या गावात दुपारी इतक्या बसगाड्या येतात की चर्चसमोरच्या रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांमधून वाट काढावी लागते. मोटारीने एका दिवसापुरते येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घ्यावे काय, असा विचार गावाने २०२४ मध्ये जाहीरपणे मांडला. ब्रिएन्झ सरोवराकाठच्या इझेल्टवाल्ड गावात तर एका कोरियन मालिकेत दिसलेल्या लाकडी धक्क्यावर पाय ठेवायला २०२३ पासून ५ फ्रँक घेतात. मला ते रास्तच वाटते, पण तुम्ही नाणे काढताना काय म्हणाल ते आत्ताच ऐकू येते. सुदैवाने ही गर्दी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच अशी कचेरीच्या वेळेत असते. म्हणून यंदा मी घर गावाच्या मध्यात न पाहता श्टेखेलबेर्गच्या बाजूला, बसथांब्यासमोर पाहिले आहे. ते थोडे स्वस्तही आहे.

तुम्हाला नवीन काहीतरी पाहायचे आहे, ही इच्छा मी डावललेली नाही. मागच्या खेपेस पावसामुळे राहून गेलेला ट्र्युमेलबाख यंदा नक्की करू : आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तिन्ही पर्वतांच्या हिमनद्यांचे पाणी डोंगराच्या पोटातून दहा धबधब्यांनी खाली येते, भर असताना सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. आत लिफ्ट आहे. पुढच्या पायऱ्या जमतील तेवढ्याच चढायच्या. बर्फ वितळण्याचे दिवस असल्याने जूनच्या आरंभी या सगळ्या धबधब्यांना जो जोर असतो, तो ऑगस्टमध्ये राहत नाही. ब्रिएन्झजवळ बालेनबेर्गचे खुले संग्रहालय आहे. स्वित्झर्लंडच्या निरनिराळ्या भागांतील शंभरावर जुनी घरे उचलून तिथे पुन्हा उभी केली आहेत, आणि त्यांत लोहार, सुतार, पाव भाजणारे प्रत्यक्ष काम करत असतात. तिथे तुम्ही एक दिवस सहज घालवाल. ब्रिएन्झहून रोटहॉर्नवर १८९२ पासून दातेरी रुळांची गाडी जाते, आणि तिची काही इंजिने आजही वाफेवर चालतात. हंगाम सुरू झालेला असला तर त्या एका डोंगराचे तिकीट मात्र मी काढणार आहे, आणि त्यावर वाद घालायचा नाही.

पाच दिवस इकडे आणि पाच दिवस तिकडे, अशी जी तडजोड तुम्ही शेवटी सुचवली आहे, ती मला सर्वांत महाग वाटते. सुटीच्या घरांना शेवटच्या साफसफाईचे पैसे मुक्कामामागे एकदाच घेतात, मग मुक्काम चार दिवसांचा असो वा दहा. दोन घरे म्हणजे ते दोनदा. वर मधला एक अख्खा दिवस गाडीत जाईल, आणि सामान बांधणे-सोडणे आईच्याच वाट्याला येईल. त्यापेक्षा बोहिन पुढच्या वर्षासाठी राखून ठेवू. तुम्ही शाळेच्या सुटीनंतर, सप्टेंबरात आलात, तर दरही उतरलेले असतील, रस्ताही मोकळा असेल आणि तुम्हाला आगगाडीवर चढवलेल्या मोटारीत बसवता येईल.

व्हिसाचे सांगायचे तर, मुख्य मुक्काम म्युनिकलाच असल्यामुळे अर्ज जर्मनीकडे करायचा. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्याने त्याच व्हिसावर तिथे जाता येते. प्रवास विमा ३०,००० युरोंच्या संरक्षणाचा असला पाहिजे, आणि त्यात दोन्ही देश येतात ना, हे एकदा वाचून घ्या. आईच्या पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची प्रत स्पष्ट आलेली नाही, ती पुन्हा पाठवा.

घर मी धरून ठेवले आहे. मार्चअखेरपर्यंत ते विनाखर्च रद्द करता येते. तोवर तुमची हरकत कायम राहिली तर अवश्य कळवा, मात्र ते पत्र आईच्या सहीनिशी आले पाहिजे.

आईस साष्टांग नमस्कार. दादा-वहिनींस नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. कळावे.

तुमची,
मीरा