पार्थिव आणलं कुणी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. कालच्या १० जुलैच्या अंकात दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना पडलेले नाईक यशवंत घाडगे यांच्यावर लेख छापलात त्याबद्दल आभार, निदान आठवण तरी ठेवलीत. पण लेख छापण्याआधी तो कोणी वाचला होता का हो?

'पार्थिव गावी आणलं तेव्हा अख्खा तालुका लोटला' असं खुशाल लिहिलंय. अहो १९४४ साली इटलीतून कुठलं पार्थिव आणि कुठलं विमान! त्या काळी जो जिथे पडला तो तिथलाच झाला. घाडग्यांची तर स्वतंत्र कबरसुद्धा सापडत नाही, नाव आहे ते तिकडे इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर. बायकोच्या हातात आलं ते फक्त व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. घाडग्यांचं वय किती, तर २२.

पुढे म्हणे 'शेकडो जर्मनांना कंठस्नान'. कशाला हे? माझे आजोबा पलटणीतले, मराठा लाईट इन्फन्ट्रीचेच, लहानपणी मला माणगावला पुतळ्यासमोर उभं करून एकच प्रश्न विचारायचे, बंदुकीचं गोळ्या भरलेलं मॅगझीन बदलायला किती वेळ लागतो रे? मी म्हणायचो एक मिनिट. ते हसायचे, म्हणायचे अरे काही सेकंद, आणि तेवढेसुद्धा घाडग्याकडे नव्हते. सेक्शनमधले, म्हणजे त्याच्या छोट्या तुकडीतले बाकी सगळे मेलेले नाहीतर जखमी, मागून कोणी येणार नाही हे पक्कं माहीत, तरी हा एकटा मशीनगनवर धावून गेला, ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा दोन्ही गार केले, एकाला टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने उडवला आणि मॅगझीन बदलायला वेळ नाही म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपून मारलं. मग छातीत आणि पाठीत स्नायपरच्या गोळ्या लागल्या आणि जिंकलेल्या त्याच मोर्च्यात गेला. म्हणजे झाले चार. शेकडो नाही, चार! आजोबा हे सांगताना हातातली काठी उलटी धरून दाखवायचे आणि तहसील कचेरीत कामाला आलेली माणसं बघत राहायची, मला तेव्हा लाज वाटायची. तुमच्या लेखात हे मॅगझीनचं एक अक्षर नाही, त्याऐवजी दोन कॉलमभर 'सिंहगर्जना' आणि 'रणझुंजार'.

शिवाय 'मराठा पलटणीचे एकमेव व्हीसी', म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉसवाले, हेही चूक. नगरकडचे नामदेव जाधव कुठे गेले? १९४५ मध्ये इटलीतल्याच सेनिओ नदीवर जखमींना उचलून आणणारे, तेही ह्याच रेजिमेंटचे. ते जिवंत परत आले म्हणून मोजायचे नाहीत का? त्यांच्यावर लेख आल्याचं तर मला आठवतच नाही.

बाकी तुमचे लेखक महोदय विद्वान असतीलच, फोटोत तरी तसे दिसतात. लेखाशेजारी फोटोही त्यांचाच आहे, घाडग्यांचा नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

आणि हो, मागे माझं पत्र छापलंत तेव्हा खालचं अर्धं उडवून टाकलंत आणि माझं आडनावही चुकवलंत. ह्यावेळी जागा नसेल तर वरचं आभाराचं कापा, मॅगझीनचं तेवढं ठेवा.

आपला,
एक जुना वर्गणीदार